स्वस्तातला हेडफोन ॲम्प घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

खरेदीच्या आधी घरात हा विषय कोणत्या शब्दांत काढायचा ते ठरवावं. आपल्याकडे 'ॲम्प्लिफायर' म्हटलं की गणपतीच्या मांडवामागचा आहुजाचा खोका डोळ्यांसमोर येतो. "टेबलावर ठेवायला एक ॲम्प्लिफायर मागवतोय," असं जेवताना सहज म्हणालात, तर आई आधी विचारणार, "अरे, खालच्या काकांना चालेल का ते?" खालच्या काकांना यातलं अवाक्षरही ऐकू जाणार नाही, हे सांगायला हरकत नाही. आपल्यालाही फारसा फरक ऐकू येणार नाही, हे मात्र पैसे भरेपर्यंत मनातच ठेवावं.

यंत्राचं काम तसं एवढंसंच. कॉम्प्युटरकडून येणारा अशक्त संदेश घ्यायचा, हेडफोनचा पडदा हलवण्याइतका व्होल्टेज आणि करंट त्याच्यामागे उभा करायचा, आणि हे करताना स्वतःचं काही मिसळायचं नाही. खरखर नको, घूंघूं नको. पुढे एक नॉब आणि हेडफोनचं एक भोक, मागे येणाऱ्या वायरींची भोकं. यापलीकडे काही करणारा ॲम्प एकतर बिघडलेला असतो किंवा महाग असतो.

पायरी पहिली : आपल्याला गरज नाही, याची खात्री करणे

ही पायरी सगळेच गाळतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. एक इम्पिडन्स, म्हणजे ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मिलिवॅट दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो तो. काही कंपन्या हा आकडा मिलिवॅटला न देता एका व्होल्टला देतात, आणि तो नेहमीच मोठा दिसतो. दोन्ही एकच समजलात तर ३०० ओहमच्या हेडफोनला पाच डेसिबलची आणि ३२ ओहमच्याला तब्बल पंधरा डेसिबलची चूक होते. जाहिरातीत कोणता आकडा छापला जातो, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

आता ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स घ्या. घरबसल्या पॉडकास्ट करणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यावर तो असतो. ३८ ओहम, ९९ डेसिबल. लॅपटॉपच्या भोकातून एक व्होल्ट मिळतो असं धरलं, तर हेडफोनला सुमारे २६ मिलिवॅट पोचतात आणि आवाज ११३ डेसिबलपर्यंत जातो. ११३ डेसिबलला माणूस गाणं ऐकत नाही, हेडफोन उपटून फेकतो.

लॅपटॉपला भोक नसेल किंवा असलेलं खरखरत असेल, तर ॲपलचं ते बोटभर लांबीचं यूएसबी-सी डोंगल आणा. त्याच्या पोटात डॅकही (डिजिटल संदेशाचा ॲनालॉग करणारा भाग) आहे आणि ॲम्पही, आणि तेही जवळपास एक व्होल्ट देतं. (युरोपात विकतात त्यात त्याच्या निम्मा. तिकडून येणाऱ्या भाच्याला ते आणायला सांगू नये.) मोजमापात हे डोंगल कितीतरी रुबाबदार खोक्यांना लाजवतं. फक्त ते दिसत नाही, तापत नाही आणि त्याला नॉब नाही, त्यामुळे छंद म्हणून त्याचा काडीचा उपयोग नाही.

थोडक्यात, तुमचा हेडफोन ३२ ते ८० ओहमचा आणि सेन्सिटिव्हिटी शंभरीच्या आसपास असेल, तर मार्गदर्शन इथे संपलं. पण ज्याला ॲम्प घ्यायचाच आहे तो असल्या गणितानं खचत नाही. तो हेडफोन बदलतो.

पायरी दुसरी : गरज उत्पन्न करणे

यासाठी जगभर वापरलं जाणारं सिद्ध साधन म्हणजे सेनहायझरचा एचडी ६००. हे मॉडेल १९९७ सालापासून विकलं जातंय आणि अजूनही चांगल्या हेडफोनांच्या यादीतून कुणाला काढता आलेलं नाही. इम्पिडन्स ३०० ओहम. हा आकडा मित्रांमध्ये सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

हिशेब पुन्हा मांडू. मिलिवॅटला साधारण ९७ डेसिबल. लॅपटॉपच्या एका व्होल्टवर त्याला तीन-साडेतीन मिलिवॅट मिळतात आणि आवाज १०२ डेसिबलपर्यंत चढतो. म्हणजे इथेही लॅपटॉप अगदीच हात टेकत नाही. सिनेमातली नवी गाणी सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच पट्टीत ठासून भरलेली असतात, ती यावर आरामात वाजतील. ख्यालाचं तसं नाही. भीमसेन जोशींचा आलाप जिथून निघतो आणि पुढे तान जिथे जाऊन आदळते, त्यात मोठं अंतर असतं. आलाप नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवलात की तानेला वर जागा लागते. ती जागा म्हणून ११० डेसिबल धरावेत. त्याला लागतात २० मिलिवॅट आणि अडीच व्होल्टच्या आत-बाहेर.

झालं, ॲम्पला काम मिळालं. वीस मिलिवॅटचं. बाजारात तुमच्यापुढे जे खोके येतील त्यांच्यावर दीड-दोन हजार मिलिवॅट लिहिलेले असतील.

बायरडायनामिकनं तर सोयच करून ठेवली आहे. डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ते ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत विकतात. ज्याला फोनवर ऐकायचंय त्यानं ३२ घ्यावा, एवढा साधा हेतू. नवशिका मात्र २५० घेतो, कारण तो आकडा सगळ्यात मोठा आहे. मग आवाज कमी येतो म्हणून ॲम्प घेतो आणि ॲम्प घेतल्यावर हेडफोन कसा 'खुलला' ते सांगत सुटतो.

याहून पुढे जायचं असेल तर प्लॅनर जातीचे हेडफोन आहेत. त्यांचा इम्पिडन्स कमी असतो, त्यामुळे गरीब वाटतात, पण खातात फार. हायफायमॅनचा एचई-६ मिलिवॅटला ८३.५ डेसिबलच देई. त्याला ११० वर न्यायला साडेचारशे मिलिवॅट लागत, आणि वैतागलेले लोक तो सरळ स्पीकरच्या ॲम्पला जोडत. हा मार्ग नवशिक्यांसाठी नाही. नवशिक्यांनी तो दुसऱ्या वर्षी घ्यावा.

पायरी तिसरी : आकड्यांनी दिपून जाणे

वॅटेज वाचताना एवढं ध्यानात ठेवा, की पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबल वाढतो. कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. एक हजार मिलिवॅटच्या ॲम्पवरून दोन हजारांच्या ॲम्पवर जाणाऱ्याच्या पदरात तीन डेसिबल पडतात, आणि तेही नॉब शेवटपर्यंत फिरवला तर. तितका तो कुणी फिरवत नाही. शिवाय खोक्यावरचा आकडा ३२ ओहमचा असतो. तुमच्या ३०० ओहमचा बारीक अक्षरात खाली असतो, तोच पाहावा.

दुसरा आकडा आउटपुट इम्पिडन्सचा. हा खरोखर कामाचा आहे, त्यामुळे जाहिरातीत ठळक क्वचितच दिसतो. हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा तो कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. तो जास्त असेल तर हेडफोनचा मूळ स्वर बदलतो, कुठे खर्ज फुगतो, कुठे वरचा भाग दबतो. कानात खुपसायच्या, एकात चार-सहा ड्रायव्हर कोंबलेल्या इअरफोनांना हा त्रास सर्वाधिक. आजच्या स्वस्त ॲम्पमध्ये हा आकडा बहुधा एक ओहमच्या आत असतो. व्होल्टेज वाढवणारं साधं काम आणि हा एक ओहम, एवढ्या दोन गोष्टी जमल्या की ॲम्प चांगला झाला. पण एवढ्यावर छंद उभा राहत नाही, म्हणून तिसरा आकडा आहे.

त्याचं नाव सिनॅड. मूळ संदेशाच्या तुलनेत यंत्राची स्वतःची खरखर आणि विकृती किती खाली आहे, ते तो सांगतो. चांगले ॲम्प ११० डेसिबलच्या पुढे जातात, पट्टीचे १२०च्या आसपास. १२० म्हणजे मूळ आवाजाचा दहा लाखावा भाग. आता तुमच्या खोलीत पंखा चालू आहे, खाली कुणीतरी रिक्षा रिव्हर्स घेतंय, आणि तुम्ही बालगंधर्वांची ७८ आरपीएमची तबकडी डिजिटल होऊन आलेली ऐकताय. तिची चरचर गाण्याच्या जेमतेम तीस-चाळीस डेसिबल खाली आहे. १२० सिनॅडचा ॲम्प ती चरचर कणभरही न बिघडवता तुमच्या कानापर्यंत आणतो. ११२चा आणि १२०चा यात निवड करताना रात्रीची झोप उडणारी माणसं आहेत.

या ठिकाणी थोडं पुराण सांगणं भाग आहे, कारण स्वस्त ॲम्पचा सगळा बाजार त्यावर उभा आहे. २०११ च्या सुमारास एनडब्ल्यूएव्हीगाय असं न उच्चारण्याजोगं नाव घेतलेला कुणी इंजिनिअर इंटरनेटवर लिहीत होता. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. हा गृहस्थ महागडे ॲम्प घेई, त्याहून महागड्या ॲनालायझरवर चढवी आणि त्यांची अब्रू तक्त्यात मांडी. लोक म्हणाले, नावं ठेवणं सोपं आहे, तू बनवून दाखव. त्यानं दाखवला. ऑब्जेक्टिव्ह २, म्हणजे ओ२. पोटात कुठल्याही पार्टच्या दुकानात मिळावेत अशा सामान्य ऑप-ॲम्प चिपा आणि नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आराखडा, सर्किट, भागांची यादी, सगळं त्यानं फुकट खुलं केलं. मोजमापात त्यानं तो हजार डॉलरच्या वरच्या यंत्रांशेजारी बसवला, आणि तो बसला. हाय-एंडवाल्यांच्या घरी सुतक पडलं. मग २०१२ मध्ये हा माणूस एकाएकी लिहायचा थांबला आणि पुन्हा आलाच नाही.

त्याचा ओ२ बनवून विकणाऱ्यांत अमेरिकेतली जेडीएस लॅब्स होती. तिनं २०१८ मध्ये स्वतःचा ॲटम ॲम्प ९९ डॉलरला काढला, तो ओ२पेक्षाही सरस. शिट ऑडिओ नावाच्या कंपनीचा मॅग्नी २०१२ पासून तेवढ्याच किमतीत होता. (हो, नाव तेच आहे आणि त्यांनी मुद्दाम ठेवलंय. सोसायटीच्या गेटवर पार्सल घेताना मोठ्यानं वाचू नये. त्यांच्या स्वस्त डॅकचं नाव मोदी. मॅग्नी आणि मोदी ही नॉर्स पुराणातल्या थॉरची मुलं, राजकीय अर्थ काढू नये.) पुढे फिओ, टॉपिंग अशा चिनी कंपन्या या भावात उतरल्या आणि शर्यत संपल्यात जमा झाली. म्हणजे कानाला कळेल अशा बाबतीत संपली. मोजयंत्राला कळेल अशा बाबतीत ती जोरात चालू आहे.

माझं मत विचाराल तर या भावातला कुठलाही नावाजलेला ॲम्प घ्या. दिसायला आवडेल तो घ्या. रोज बघायचाय, आणि दोघांतला ऐकू येणारा फरक बघण्याइतकाच आहे.

पायरी चौथी : वीज

याबद्दल परदेशी मार्गदर्शिकांत एक ओळही नसते, आणि आपल्याकडे निम्मे ॲम्प इथेच मरतात. अमेरिकेतल्या दिरानं बॅगेतून आणलेला ॲम्प तिथल्या ११५ व्होल्टच्या अडॅप्टरसह येतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात गेला की त्याचं संगीत थोडक्यात आटोपतं. लॅपटॉपच्या चार्जरवर '१००-२४०' लिहिलेलं असतं म्हणून सगळ्याच अडॅप्टरांवर ते असतं असं समजू नका. मॅग्नीसारख्यांचा अडॅप्टर आत नुसता ट्रान्सफॉर्मर असतो आणि बाहेरही एसीच देतो. भोकात बसतो म्हणून घरातल्या राउटरचा अडॅप्टर त्याच्या जागी लावू नये. हा ट्रान्सफॉर्मर विटेच्या आकाराचा असतो आणि एक्स्टेन्शन बोर्डवर शेजारची दोन भोकं झाकून बसतो, हेही हिशेबात धरा.

मग घूंघूं. हेडफोन लावला, गाणं अजून सुरू केलेलं नाही, तरी मागे खर्जात कुणीतरी तानपुरा छेडतंय असं वाटतं. नवशिका हे यंत्राचं 'वातावरण' समजून खूश होतो. ती ग्राउंड लूप असते, म्हणजे ५० किंवा १०० हर्ट्झची वीज. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. तानपुरा थांबला तर दोष ॲम्पचा नाही, चार्जरच्या अर्थिंगचा आहे. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तीच भानगड. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या भोकामागे भिंतीशिवाय काहीच नसतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, त्याचे पैसे ॲम्पच्या खर्चात धरू नका. नाहीतर डॅकला ऑप्टिकल वायरनं जोडा. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे घूंघूंला वाटच उरत नाही.

इतर वायरींबद्दल : ज्या फुकट आल्या आहेत त्या लावा.

पायरी पाचवी : व्हॉल्व्हचा मोह

हा मोह पावसाळ्यात येतो. अंधारलेल्या खोलीत टेबलावर नारिंगी प्रकाश देणारी काचेची नळी, बाजूला चहा. आजोबांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, तापायला मिनिटभर लागायचा, त्यातले काही व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं इथेच बनवलेले असायचे, या सगळ्या आठवणींवर हा माल विकला जातो. स्वस्तातल्या चिनी खोक्यांत बहुतेक वेळा खरं काम आतली ऑप-ॲम्प चिप करते. व्हॉल्व्ह वाटेत नुसता उभा असतो आणि त्याच्या बुडाशी नारिंगी एलईडी लावलेला असतो. खरे व्हॉल्व्ह-ॲम्पही आहेत, ३०० ओहमच्या हेडफोनला ते छान जातात, पण ते स्वस्त नाहीत आणि त्यांचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो. आवाजाला जी 'ऊब' येते, ती व्हॉल्व्हच्या विकृतीतून येते. आवडली तर जरूर घ्या, फक्त तिला शुद्धता म्हणू नका.

हात चालत असतील तर एक निराळा रस्ता आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी अगदी साध्या ॲम्पचा आराखडा दिला होता. एक ऑप-ॲम्प, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. लोक तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवत. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सकाळी गेलात तर सगळे पार्ट एका पिशवीत येतात. एनई५५३२ ही चिप मागा. ती सत्तरच्या दशकाच्या अखेरची आहे आणि किरकोळ भावात मिळते. तुम्ही आयुष्यभर ऐकलेली कितीतरी गाणी स्टुडिओच्या मिक्सरमध्ये असल्या डझनावारी चिपांतून गेलेली आहेत. दुकानदार "डुप्लिकेट की ओरिजिनल?" असं विचारेल. हा प्रश्न तो प्रामाणिकपणे विचारतो, तुम्हीही प्रामाणिकपणे उत्तर द्या.

पायरी सहावी : फरक ऐकू येणे

नवा ॲम्प आला, जोडला, आणि जुन्यापेक्षा भव्य वाटला. इथे एक कटू तांत्रिक बाब. दोन यंत्रांच्या आवाजात अर्ध्या डेसिबलचा फरक असेल तर कान त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. नॉब कुठे आहे त्यावर सगळी समीक्षा फिरते. त्यामुळे तुलना करायचीच तर आधी आवाज समान करा. ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, हेडफोन जोडलेला ठेवून दोन्ही ॲम्पचा व्होल्टेज साध्या मल्टिमीटरवर मोजा, आणि दोन्ही आकडे एका टक्क्याच्या आत आणा. स्वस्त मल्टिमीटर विजेच्या याच फ्रीक्वेन्सीला नीट वाचतात, म्हणून ५०. मग डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी यंत्रं अदलाबदल करायला लावा. काय जोडलंय ते त्यानं सांगायचं नाही.

गाणं असं निवडा की त्यात दाटीही आहे आणि पोकळीही. 'सैराट' चांगलं चालतं. अजय-अतुलनी त्याचा वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये जाऊन ध्वनिमुद्रित केला होता, व्हायोलिनांचा ताफा एकदम उठतो तेव्हा कमकुवत ॲम्प खरोखर हाफतो. एरवी किशोरी आमोणकरांच्या मागचा तानपुरा लावा आणि जवारी कुठे विरते ते ऐका. दहा वेळा ओळखायचं. भाचा पाचव्या वेळेनंतर कंटाळून "मामा, मी केव्हाच वायर बदलायची थांबवलीय" असं म्हणाला आणि तुम्ही तोवर दोन्ही यंत्रांचे स्वभाव सविस्तर लिहून काढलेले असले, तर कागद फाडून त्याला आइस्क्रीम खायला न्यावं.

पायरी सातवी : नॉब

गेनचा, म्हणजे संदेश किती पट वाढवायचा ते ठरवणारा, स्विच असेल तर तो लो वर ठेवा. हाय वर पॉवर जास्त मिळत असेल म्हणून लोक तो तिकडे ढकलतात आणि मग नॉब सातच्या काट्याजवळून हलवता येत नाही. नॉबमागच्या स्वस्त पोटेन्शिओमीटरचे दोन कान तिथेच सारखे नसतात. गायिका डाव्या कानाकडे सरकते, आणि तुम्ही डॉक्टरकडे. लो गेनवर, विंडोजचा आवाज पूर्ण ठेवून, नॉब अकरा-बाराच्या काट्यावर यावा. वर्षा-दोन वर्षांनी धूळ आणि दमट हवेनं नॉब फिरवताना खरखर येईल, तेव्हा वीज काढून काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारा आणि नॉब वीसेक वेळा मागेपुढे फिरवा.

दोन हजार मिलिवॅट घरात आलेच आहेत, तर कानांचाही हिशेब ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास मिळतात. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ८९ वर पाच तास, ९२ वर अडीच. लॅपटॉप जिथवर पोचत नव्हता तिथवर जाण्यासाठीच आपण हा खोका घेतला, आणि तिथे आठवड्यातली मुक्कामाची मुभा मिनिटांत आहे.

पायरी आठवी : विक्री

सहा महिन्यांत ही वेळ येते. ॲम्प उत्तम चालू असतो, तक्रार काही नसते, तरीही. जाहिरातीत 'विकण्याचं कारण : अपग्रेड' असं लिहावं, तेच सगळे लिहितात आणि त्यावर कुणी पुढे काही विचारत नाही. 'फक्त शास्त्रीय संगीतासाठी वापरलेला' असं लिहिल्यानं किंमत वाढत नाही. मूळ खोकं आतल्या थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवलेलं असावं. घेणारा पहिल्यांदा त्याची चौकशी करतो, आणि मग बिलाची. अडॅप्टर २३० व्होल्टचा आहे की नाही हे तो विचारत नाही, ते आपणहून सांगावं.